फाइल कुणाच्या नावावर?

खूप दिवसांनी लिहायला बसलेय. मध्ये जवळजवळ वर्ष गेलं. या वर्षात घरात जे झालं ते निम्म्या नातेवाइकांना अर्धंच माहीत आहे आणि उरलेल्यांना दीडपट. म्हणून भाचीला विचारलं, लिहू का गं? ती म्हणाली, "लिही मावशी, म्हणजे मला प्रत्येकाला फोनवर पहिल्यापासून सांगायला नको. फक्त नावं नको घालूस." तेव्हा नावं नाहीत. बाकी सगळं आहे, माझ्या मूर्खपणासकट.

गेल्या जुलैतली गोष्ट. भाचीला बत्तिसावा आठवडा चालू होता. जावई कामासाठी परगावी, ताई सांगलीला, म्हणून सोनोग्राफीला सोबत मी. आधीच्या सगळ्या सोनोग्राफ्या 'नॉर्मल' आल्या होत्या, एकोणिसाव्या आठवड्यातली ती मोठी तपासणीसुद्धा. त्यामुळे मी पर्समध्ये शब्दकोडं घेऊन गेले होते. डॉक्टरबाई गप्पिष्ट. पावसाबद्दल बोलल्या, भाचीच्या नोकरीबद्दल बोलल्या, आणि मग बोलायच्या थांबल्या. त्या टेबलाशेजारच्या स्टुलावर जे कधी बसले असतील त्यांना माहीत आहे, मशीनच्या आवाजापेक्षा डॉक्टरांचं गप्प होणं किती मोठ्याने ऐकू येतं.

बाळाचं डोकं आठवड्याप्रमाणे वाढलेलं होतं. पोटाचा घेर मात्र मागे होता. आता हा घेर कुठे मोजतात, हे मला तेव्हा कळलं. बरोबर यकृताच्या पातळीवर, जिथे नाळेतून आलेली शीर यकृतात शिरून पोर्टल व्हेनला मिळते तिथे. म्हणजे प्रत्येक गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीत डॉक्टर त्या शिरेवरून जातातच. आकडा घेतात आणि पुढे सरकतात. या बाई पुढे सरकल्या नाहीत. त्यांनी रंगीत डॉप्लर लावला. प्रोबकडे येणारं रक्त लाल, लांब जाणारं निळं. पोर्टल व्हेनच्या डाव्या फांदीतून एक बारीक वाट थेट हेपॅटिक व्हेनमध्ये, म्हणजे यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेत, उतरताना दिसली. "ही वाट इथे असायला नको," त्या म्हणाल्या. नुसतं तेवढंच म्हणून थांबल्या नाहीत. रिपोर्टच्या पाकिटाच्या मागे पेनाने चित्र काढून दाखवलं. ते पाकीट अजून आहे माझ्याकडे.

थोडं शरीरशास्त्र सांगते, कंटाळू नका. मलाही पन्नाशी उलटल्यावरच कळलंय.

आपण खाल्लेलं पचलं की आतड्यांतलं सगळं रक्त आधी यकृतात जातं. ते नेणारी ती पोर्टल व्हेन. पूर्वी गावाच्या वेशीवर जकात नाका असायचा ना, तसं यकृत. आतड्यांतून आलेला अमोनिया, साखरा, औषधं, काय काय ते तिथे तपासलं जातं, निस्तरलं जातं, आणि मग रक्त हृदयाकडे सुटतं. गर्भात मात्र नाका असून नसल्यासारखा. जेवण वारेतून तयार येतं, सफाईचं बरंचसं काम आईचं शरीर करतं. नाळेच्या शिरेतून येणारं रक्त बहुतांश यकृतालाच मिळतं. साधारण पाचव्या महिन्यात त्यातला तिसरा हिस्सा आणि दिवस भरत येताना पाचवा हिस्सा, एवढाच एका छोट्या कायदेशीर बायपासने सरळ हृदयाकडे जातो. त्या बायपासचं नाव डक्टस व्हेनोसस. जन्मानंतर थोड्याच दिवसांत तो आपोआप मिटतो आणि त्याची एक दोरी उरते. तुमच्यामाझ्या सगळ्यांच्या पोटात ती दोरी आहे.

भाचीच्या बाळाचा डक्टस व्हेनोसस जागच्या जागी होता. ही दुसरीच वाट होती. चोरवाट म्हणा. यकृताचा वाटा तिथून गळत होता, बहुधा त्यामुळेच यकृत लहान, पोटाचा घेर लहान. अशा वाटांना पोर्टोसिस्टेमिक शंट म्हणतात. साधारण ३०,००० जन्मांत एक असा एक अंदाज सांगितला जातो. पण यात गोम अशी की पोटात असताना बाळाला त्यातून फारसं काही होत नाही, वाढ थोडी मागे पडते इतकंच. खरी परीक्षा नाळ कापल्यावर, दूध सुरू झाल्यावर. तेव्हा नाका चालू होतो आणि माल चोरवाटेने जाऊ लागतो.

याचं पहिलं वर्णन १७९३ सालचं आहे. लंडनच्या जॉन ॲबरनेथी नावाच्या सर्जनने दहा महिन्यांच्या एका मुलीच्या शवविच्छेदनात पाहिलं की तिची पोर्टल व्हेन यकृतात न जाता सरळ हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला जाऊन मिळाली आहे. रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने ते लिहिलं. अजूनही यकृताबाहेरच्या अशा दोषाला त्याचंच नाव आहे. पुढची दीडेकशे वर्षं तरी हे कळायचं तर टेबलावर नाहीतर मोठ्या आजारपणात. १९५८ साली ग्लासगोच्या इयान डोनाल्डने अल्ट्रासाउंडने पोटातलं दाखवलं, मागाहून रंगीत डॉप्लर आला, आणि आता इस्रायलच्या रेउवेन अकिरॉन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये गर्भातल्या अशा शिरांची रीतसर वर्गवारीच लावून दिली आहे. नाळेची शीर भलतीकडे जाते, डक्टस व्हेनोसस भलतीकडे उघडतो, किंवा पोर्टल व्हेनच वाट सोडते, यकृताच्या आत अथवा बाहेर. आमची यकृताच्या आतली. त्यातल्या त्यात बरी, कारण या आतल्या वाटा पुष्कळदा पहिल्या एकदोन वर्षांत आपोआप बंद होतात.

पुष्कळदा. नेहमी नाही.

आता मला जे म्हणायचंय त्याकडे येते.

त्या संध्याकाळी घरात फोन सुरू झाले. आणि प्रत्येक फोनवर दोनच प्रश्न. पहिला, "पण नॉर्मल आहे ना?" दुसरा, आवाज खाली आणून, "मग आता काय करायचं ठरवलंय?" बत्तिसाव्या आठवड्यात! काय ठरवायचं असतं? पण विचारणाऱ्यांचाही दोष नाही. सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी मनात येतात, मुलगा की मुलगी आणि ठेवायचं की नाही. पहिलीसाठी तर महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला, मग १९९४ चा केंद्राचा आला, आणि आता प्रत्येक दवाखान्यात ती पाटी असते नि प्रत्येक वेळी तो फॉर्म 'एफ' भरावा लागतो. दुसरीसाठी २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एक जोडपं गेलं होतं, आठवत असेल. गर्भाच्या हृदयात दोष, आठवडे सुमारे चोवीस, कायद्याची मर्यादा वीसची. कोर्टाने नाही म्हटलं. किती महिने पेपरांतून वाद चालला होता. २०२१ मध्ये कायदा बदलला. ठरावीक स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवडे झाली, आणि गर्भात गंभीर दोष असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने परवानगी मिळू शकते. हे सगळं व्हायलाच हवं होतं. ज्या आईबापांपुढे तो प्रश्न येतो, आणि या शिरांच्या बाबतीतही तो कधी कधी येतो (सोबत हृदयाचे किंवा गुणसूत्रांचे दोष असले तर), त्यांचा तो निर्णय आहे, मावश्यांचा नाही.

पण या सगळ्यातून एक विचित्र सवय लागली आहे. गर्भातलं निदान म्हणजे एका निर्णयासाठीचा पुरावा, आणि निर्णय झाला की पुरावा संपला, असं आपण धरून चालतो. ठेवायचं ठरलं? मग देवाचं नाव घ्या आणि विसरा. माझं म्हणणं, यकृताच्या शिरांच्या बाबतीत हे अगदी उलटं आहे. इथे निदानाचं काम जन्मानंतर सुरू होतं. पोटात दिसलं ते पुढची दोन वर्षं कुणी लक्षात ठेवणार नसेल, तर त्या बाईंनी न बघता पुढे सरकलं असतं तरी फरक पडला नसता.

आणि लक्षात ठेवणारं कुणी नसतं. खरंच नसतं. मी पाहिलंय.

बाळ ऑगस्टमध्ये झालं. सदतिसावा आठवडा, वजन दोन किलो दीडशे ग्रॅम. मुलगी! रडली छान, प्यायली छान. चौथ्या दिवशी घरी सोडलं. घरी येऊन मी हौसेने तिचं डिस्चार्ज कार्ड वाचायला घेतलं. जन्मवेळ, वजन, बीसीजी, पोलिओ, कावीळ नाही, बाळ निरोगी. शिरेचा शब्द नाही. पुन्हा वाचलं. नाही.

दवाखान्याला फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, सोनोग्राफी आईच्या फाइलला आहे, बाळाची फाइल वेगळी असते. बरोबरच होतं त्यांचं! पोटातल्या बाळाला नाव नसतं, नंबर नसतो. त्याचं सगळं आईच्या नावावर. जन्मलं की त्याला नवा नंबर, नवी फाइल, नवे डॉक्टर. निदान झालं आईच्या फाइलमध्ये, दुखणं घरी आलं बाळाच्या फाइलमधून, आणि दोन्ही फाइली एकाच कपाटात असूनही एकमेकींना ओळखत नाहीत. कुणीही चूक केली नव्हती. प्रत्येकाने आपापली फाइल नीट भरली होती.

भाची माझ्यासारखी चिडत बसली नाही. तिने त्या बत्तिसाव्या आठवड्याच्या रिपोर्टची झेरॉक्स काढली, त्या ओळीवर हायलायटर मारला आणि बाळाच्या लसीकरण कार्डाला स्टेपल केली. ते कार्ड हरवत नाही आणि प्रत्येक डॉक्टर ते उघडतो. वर्षभरात या विषयावर मी पुष्कळ वाचलं, पण याहून शहाणी गोष्ट मला कुठे सापडली नाही.

त्या झेरॉक्सने आठच दिवसांत काम केलं. जन्मल्यावर टाचेतून रक्ताचे थेंब घेतात ती तपासणी आम्ही करून घेतली होती (ती आपल्याकडे सगळीकडे होत नाही). तिचा रिपोर्ट आला, गॅलॅक्टोज वाढलेलं. दुधातली ही साखर यकृताने निस्तरायची असते. तिचं एन्झाइमच नसेल तर तो गॅलॅक्टोसेमिया, मोठा आजार, आईचं दूधसुद्धा ताबडतोब बंद करावं लागतं. ताईने तर डोक्याला हात लावला. पण बालरोगतज्ज्ञांनी कार्ड उघडलं, झेरॉक्स वाचली, आणि म्हणाले, थांबा. एन्झाइमची तपासणी केली. एन्झाइम ठीक होतं. साखर यकृताला चुकवून चोरवाटेने जात होती, म्हणून रक्तात जास्त. जपानमध्ये नवजात बाळांचं गॅलॅक्टोज सरसकट तपासतात, तिथे असे शंट याच मार्गाने सापडलेले आहेत, असं त्यांनीच सांगितलं. तिथे साखरेवरून शिरेपर्यंत पोचले. आमच्याकडे शीर आधीच कागदावर होती, म्हणून एका दिवसात गोंधळ मिटला. दूध चालू राहिलं.

आता माझा मूर्खपणा.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा डॉप्लर आणि अमोनिया बघायचा होता. नेमकं तेव्हाच घरात लग्न. तोवर छकुली अशी गुटगुटीत झाली होती की बघणारा म्हणायचा, हिला काय धाड भरलीय! आणि मी, पाकिटावरचं चित्र जपून ठेवणारी मी, भाचीला म्हणाले, "अगं एवढी छान वाढतेय, कशाला तिला सुया टोचतेस? लग्न झालं की जा सावकाश." तिने ऐकलं. मावशी म्हणतेय म्हणून ऐकलं. महिना गेला.

छान दिसणारं बाळ हाच या दुखण्याचा सापळा आहे, हे मला तोंडपाठ होतं. वाट उघडी राहिली तरी वर्षानुवर्षं काही दिसत नाही. मग एखाद्याचं पोर वर्गात मंद, झोपाळू, आळशी म्हणून बोलणी खातं, आणि ती अमोनियाची करणी असते. कुणाला जिना चढताना धाप लागते, कारण फुप्फुसांतल्या शिरा बिघडलेल्या असतात, रक्तदाब वाढलेला असतो. कुणाच्या यकृतात गाठी सापडतात. वेळेत कळलं तर जांघेतल्या शिरेतून नळी घालून किंवा ऑपरेशनने ती वाट बंद करता येते, तीही आधी फुग्याने तात्पुरती अडवून, यकृताच्या शिरांना दाब सोसतो का ते बघून. वेळ गेल्यावर फुप्फुसाचं नुकसान भरून येईलच असं नाही. हे सगळं वाचूनही मी "सावकाश जा" म्हणाले. कारण मांडीवर ती हसत होती.

चौथ्या महिन्यात गेलो. यकृताच्या सोनोग्राफीआधी तीन तास दूध द्यायचं नाही. तीन तास उपाशी पोर आणि वाट बघण्याचा बाक, काय सांगू. रक्त घेतलं. संध्याकाळी आकडा आला, अमोनिया बराच वर. ती रात्र मी कुणाशी बोलले नाही. भाचीही काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं. सकाळी डॉक्टर म्हणाले, नमुना किती वेळाने लॅबला गेला? दीड तासाने, शिपायाच्या पिशवीतून. अमोनियाचं रक्त बाळ फार न रडवता, दंड फार वेळ न आवळता घ्यायचं, लगेच बर्फात ठेवायचं आणि मिनिटांत लॅबला पोचवायचं, नाहीतर नळीतच अमोनिया वाढत जातो. दुसऱ्या वेळी जावईबापू स्वतः थर्मासमध्ये बर्फ घालून दारात उभे राहिले आणि नळी हातात पडताच जिना उतरून पळाले. या वेळी आकडा मर्यादेच्या जरासाच वर. त्याला काही करायचं नव्हतं, फक्त बघत राहायचं होतं. वाट जन्मतः चार मिलिमीटरची होती, ती अडीचवर आली होती.

काही बिघडलं नाही. पण ते माझ्या शहाणपणामुळे नव्हे.

म्हणून नात्यातल्या सगळ्यांना (हो, हे तुमच्यासाठीच लिहितेय) एवढीच विनंती आहे. बाळाला बघून "काही नाही हो तिला, डॉक्टर उगाच घाबरवतात" असं भाचीला म्हणू नका. प्रेमाने म्हणता हे कळतं. मीही प्रेमानेच म्हणाले होते. तिला त्याऐवजी विचारा, पुढची तारीख कधीची आहे, आम्ही सोबत येऊ का. आणि "बंद झाली का शीर?" असं दर आठवड्याला विचारू नका. शीर काय पोस्टाचं पत्र आहे का, आलं का आलं का म्हणून!

दुसरं डॉक्टर मंडळींसाठी. तुमच्यापैकी दोघंतिघं इथे वाचता हे मला ठाऊक आहे. आमच्या डॉक्टरबाईंनी एक गोष्ट केली ती इतरांनीही करावी असं वाटतं. पाकिटावर चित्र काढून झाल्यावर भाचीने विचारलं होतं, "बंद होईल का?" त्या म्हणाल्या, "बहुतेक होईल. पण तुमच्या बाळाची होईल का, हे मला आज सांगता येणार नाही, आणि कोणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका." तेव्हा मला त्यांचा राग आला होता. तपासायची फी घेता आणि माहीत नाही म्हणता? पण त्या 'माहीत नाही'मुळेच भाची पुढच्या तपासण्यांना जात राहिली. "काळजी करू नका, बंद होतं" एवढंच ऐकून ती घरी आली असती, तर स्टेपलर हातात घेतला नसता. तेव्हा एवढं करा, आईच्या रिपोर्टमधली ती ओळ बाळाच्या पहिल्या कागदावर कुणीतरी उतरवेल अशी सोय करा. एक ओळ. फॉर्म 'एफ'ला रकाने आहेत, डिस्चार्ज कार्डावर आजोबांच्या फोन नंबरला रकाना आहे, मग 'जन्माआधी काय दिसलं होतं' याला एक रकाना का असू नये?

छकुली आता नऊ महिन्यांची आहे. रांगते, पडदे ओढते, शब्दकोड्याचं पुस्तक खाते. मागच्या डॉप्लरला वाट दीड मिलिमीटर होती. पुढची तपासणी वाढदिवसानंतरच्या आठवड्यात. त्याच सुमारास घरात एक मुंज आहे म्हणे, तारीख अजून ठरायची आहे. मी ताईला आधीच सांगून टाकलंय, मुंजीची तारीख बघताना आमची बघ. आणि बर्फाचा थर्मास धुऊन वरच्या फळीवर ठेवलाय, कुणी सहलीला मागू नका.